ना नांदणे, ना फारकत

खानदेशात आखाजी जवळ आली की घराघरांतून मुऱ्हाळी निघतो. अक्षय्य तृतीयेचा दिवस इतरत्र सोन्याच्या खरेदीसाठी ओळखला जात असेल. तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठच्या गावांना मात्र तो सासुरवाशिणींचा सण आहे. भाऊ जाऊन बहिणीला घेऊन येतो, निंबाच्या फांदीला झोका बांधला जातो, गौराईची गाणी होतात, खापरावर मांडे भाजले जातात आणि चार-आठ दिवसांनी मुलगी पुन्हा सासरी जाते. ती परत जाणार आहे हे सर्वांना ठाऊक असते, म्हणूनच त्या चार दिवसांचे एवढे कौतुक असते.

ज्या घरातली मुलगी तीन आखाज्या उलटल्या तरी परत गेलेली नाही, ते घर आता डोळ्यांसमोर आणावे. यावल, अमळनेर, साक्री, शिरपूर, कोणत्याही तालुक्यात ते आढळेल. यंदा झोका बांधायचा की नाही, हा विषय त्या घरात कोणी काढत नाही. शेजारीण विचारते, "पोर केव्हा आली?" आई म्हणते, "कालच." तीन वर्षे ती हेच उत्तर देत आली आहे. वडील लग्नकार्याला जाणे टाळतात. गेलेच तर अक्षता पडताच निघतात. रात्री दोघांनाही झोप नसते, पण झोप लागल्याचे दोघेही एकमेकांना भासवतात. आईचा रक्तदाब आटोक्यात येत नाही म्हणून गोळी वाढवली जाते, मग बदलली जाते. डॉक्टर मीठ विचारतात, चालणे विचारतात, गोळी वेळेवर घेता का म्हणून विचारतात. मुलगी घरी आहे, हे ना आई सांगते, ना वडील.

१९६७ साली टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातील ताणांना गुण देऊन एक तक्ता तयार केला. जोडीदाराच्या मृत्यूला त्यांनी १०० गुण दिले, घटस्फोटाला ७३, आणि पती-पत्नी विभक्त राहण्याला ६५. हे गुण अर्थात ज्याचा संसार मोडला त्याच्या नावावर. आपल्याकडे विवाह दोन घरांत होतो, त्यामुळे तो मोडला की त्या गुणांचा वाटा चार म्हाताऱ्या माणसांकडेही येतो. त्याच तक्त्यात मुलाने किंवा मुलीने घर सोडून जाण्याला २९ गुण आहेत. मुलगी घरी परत येण्याचा रकानाच नाही. तक्ता करणाऱ्यांना खानदेश ठाऊक नव्हता, एवढेच म्हणायचे.

ताण शरीरात कसा उतरतो, हे वृद्धांच्या बाबतीत नीट समजून घेतले पाहिजे. ताणाच्या काळात शरीरात कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरके वाढतात. त्यांच्यामुळे रक्तदाब चढतो आणि मधुमेह असलेल्यांची साखरही चढते. पथ्य तेच, गोळ्या त्याच, तरी आकडे हलत नाहीत, अशी तक्रार असेल तर घरात गेल्या वर्षभरात काय घडले हे वैद्यकीय इतिहासात आलेच पाहिजे. उतारवयातील औदासीन्य रडण्यातून क्वचितच दिसते. ते अंगदुखीच्या रूपाने येते, भूक मेल्याच्या रूपाने येते, पहाटे तीनला जाग येण्यातून येते, आणि कधी विसराळूपणाच्या रूपाने, इतके की घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका यावी. हे औदासीन्य ओळखले गेले तर उपचारांनी बरे होऊ शकते. "आता जगून काय करायचे" हे वाक्य म्हाताऱ्यांच्या तोंडी नेहमीचेच, असे समजून सोडून देऊ नये. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

एक गोष्ट विशेषतः आयांसाठी. १९९० साली जपानी डॉक्टरांनी हृदयाच्या एका विकाराचे वर्णन केले आणि त्याला ताकोत्सुबो हे नाव दिले. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडण्याचे मडके, कारण या विकारात हृदयाचा डावा कप्पा तसा फुगलेला दिसतो. तीव्र मानसिक धक्क्यानंतर तो होऊ शकतो आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत प्रामुख्याने आढळतो. छातीत दुखते, दम लागतो, लक्षणे हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्याची. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत पूर्ववत होतात, परंतु झटका कोणता आणि हा विकार कोणता, हे घरी ओळखता येत नाही. सासरहून आलेल्या नोटिशीच्या दिवशी आईच्या छातीत कळ आली तर "टेन्शन घेतले म्हणून झाले" असे म्हणत ओवा-सोडा देत बसू नये. तासाभरात ईसीजी निघाला पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वर वर्णिलेल्या घराला नेमके काय छळते आहे? घटस्फोट, असे उत्तर चटकन येईल. पण त्या घरात घटस्फोट झालेलाच नाही. मुलगी सासरी नांदत नाही आणि तिची फारकतही झालेली नाही. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदल्या गेलेल्यांची संख्या सुमारे १३ लाख ६० हजार होती आणि विभक्त म्हणून नोंदल्या गेलेल्यांची ३५ लाखांच्या आसपास, म्हणजे अडीच पटीहून अधिक. मोडलेल्या संसारांपैकी बहुतेक असे अधांतरी लोंबकळत असतात. संगमनेरहून निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून याच स्त्रियांचा प्रश्न हाती घेतला. शिवूरकरांच्या पुस्तकाचे नावच 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' असे आहे. 'टाकलेली' हा शब्द कानाला बोचतो, पण तो खरा आहे.

गंमत अशी की आपल्या पूर्वजांना संसार संपवता येत होता. 'काडीमोड' हा शब्द आपण आज सहज वापरतो. पंचांसमोर काडी मोडून संबंध तोडल्याची खूण त्यात आहे. फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द असेच जुने. एल्फिन्स्टनच्या आज्ञेवरून आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या चालीरीती गोळा केल्या. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संकलनात सोडचिठ्ठीही आहे आणि पाटाचे लग्नही. १८८० चे खानदेश गॅझेटिअर चाळले तर जातीमागून जातीत विधवाविवाहाची मुभा नोंदलेली दिसते. शेती करणाऱ्या, कारागिरी करणाऱ्या बहुसंख्य समाजांत पाट लागत असे. धुळे-नंदुरबारकडील भिल्ल आणि पावरा समाजांत आजही वराकडून वधूच्या पित्याला देज दिले जाते आणि संबंध तुटला तर देजाचा हिशेब करून पंच प्रकरण मिटवतात. ही व्यवस्था न्याय्य होती, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पाट लागलेल्या बाईला लग्नाच्या बाईचा मान नसे, आणि पंचांत बायका बसत नसत. परंतु एक गुण तिच्यात होता. ती प्रकरण बंद करीत असे. पंच बसले, देणे-घेणे ठरले, काडी मोडली, माणसे मोकळी झाली.

विसाव्या शतकात समाज शिकला, सुस्थितीत आला, आणि उच्चवर्णीय मानल्या जाणाऱ्या घरांचे अनुकरण करता करता त्याने पाट सोडला. विवाह म्हणजे जन्माची गाठ, ही कल्पना आपण इतकी मनापासून स्वीकारली की ज्यांच्या आज्यांचे पाट लागले होते, त्यांनाही नातीच्या घटस्फोटाची लाज वाटू लागली. मुलगी सासरी दिली की तिथून तिची तिरडीच निघावी, हे वाक्य आपली परंपरा म्हणून सांगितले जाते. खानदेशातल्या बहुतेक समाजांची ती परंपरा नव्हती.

पंच मात्र पुरते गेलेले नाहीत. लेवा पाटीदार समाजाची भोरगाव लेवा पंचायत प्रसिद्ध आहे. तिचे स्थान यावल तालुक्यातील पाडळसे, आणि तिच्या प्रमुखाला कुटुंबनायक म्हणतात. वैवाहिक वाद ऐकणे हे तिचे जुने काम. इतर समाजांतही ज्येष्ठांच्या बैठकी होतात. या बैठकींत वयस्कर माणसांना आजही मान आहे आणि त्यांची सहीही घेतली जाते. म्हणूनच कायद्याची बाजू त्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवलेला आहे. परंतु अशी रूढी आपल्या समाजात प्राचीन काळापासून अखंड चालत आली आहे, हे जो सांगतो त्यालाच न्यायालयात सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. पाचशेच्या स्टँपपेपरवर "आजपासून आमचा संबंध संपला" असे लिहून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी सह्या केल्या, तरी ही सिद्धता नसेल तर तो कागद घटस्फोट नव्हे. त्याच्या भरवशावर मुलीचे दुसरे लग्न लावले तर ते रद्दबातल ठरू शकते. मग वीस वर्षांनी, पती वारल्यावर, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या खिडकीपाशी तिला सांगितले जाते की कायद्याने आपण त्यांच्या पत्नी नाही. तोवर सही करणारे आजोबा हयात नसतात. अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही, तेथे त्यांच्या रूढी चालतात. इतर हिंदूंनी मात्र बैठकीत समेट झाला, अटी ठरल्या, तरी त्याच अटी घेऊन न्यायालयात जावे. दोघेही राजी असतील तर कलम १३ब नुसार अर्ज करता येतो. त्यासाठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत असते, ती योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जळगावलाही मिळतो, धुळ्यालाही. दूरध्वनी क्रमांक १५१००. आणि न्यायालयात गेल्याबद्दल कोणी कुटुंबाला वाळीत टाकू लागले तर तो २०१६ च्या सामाजिक बहिष्कार विरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

संसार मोडतात तरी का? मुली शिकल्या आणि डोक्यावर बसल्या, हे उत्तर पारावर तयार असते. त्यात तथ्य इतकेच की ज्या गोष्टी आईने सोसल्या त्या मुलगी सोसत नाही, आणि तिने त्या का सोसाव्यात, याचे उत्तर पारावर कोणाकडे नसते. दारू, मारहाण, माहेरून पैसे आणण्याचा तगादा ही कारणे जुनीच आहेत. पूर्वी त्यांमुळे संसार मोडत नसत, माणसे मोडत. ज्या घरात हात उगारला जातो तेथे मुलीला "थोडे जुळवून घे" म्हणत परत पाठवणाऱ्या आईवडिलांनी निदान एवढे ध्यानात ठेवावे की १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण मिळते.

काही कारणे मात्र या काळाची आणि या प्रदेशाची आहेत. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, हा आकडा ८८० होता. २००१ साली मोजली गेलेली ती बालके आज लग्नाच्या वयाची आहेत. केळीचे, कापसाचे चांगले शेत असूनही शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही. मिळाली की चौकशी न करता घाईने लग्न उरकले जाते. मध्यस्थ पैसे घेऊन दूरच्या जिल्ह्यातील स्थळ जुळवतात. मुलाचे व्यसन, मुलाचा आजार, अगोदरचे लग्न, मुलीच्या मनाविरुद्ध झालेली बोलणी, हे सारे हळद उतरायच्या आत उघडे पडते. दुसरीकडे भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाने कित्येक पिढ्या सुरतेला गेल्या, आता पुण्याला जातात. मुलगी शहरातील नोकरदार म्हणून ज्याला दिली तो नोकरी सुटून गावी परतला, किंवा मुलगा शहरात आणि सून सासूसासऱ्यांच्या सेवेसाठी गावात, अशीही लग्ने आहेत. शेवटच्या प्रकारात ज्येष्ठांचा वाटा आहे, हे कटू असले तरी लिहिले पाहिजे. आजारी सासूची शुश्रूषा करायला माणूस हवे म्हणून लग्न लावले, तर ते लग्न त्या शुश्रूषेच्या भाराखालीच मोडण्याची शक्यता असते. रुग्णसेविका पगारावर मिळते. तिच्यासाठी मांडव घालावा लागत नाही.

मोबाइलचाही उल्लेख करायला हवा, कारण तो प्रत्येक बैठकीत होतो. आई दिवसातून चार वेळा फोन करते आणि भाजीत मीठ किती पडले इथपर्यंत विचारते, ही सासरची तक्रार. ती अगदीच खोटी नसते. पण ज्या घरात मुलीला बोलायला दुसरे कोणी नाही, तेथे तो फोन काढून घेतल्याने काय साधणार?

आतापर्यंत मी माहेरच्या म्हाताऱ्यांविषयी लिहिले. सासरच्या म्हाताऱ्यांचे दुःख वेगळे आणि अधिक मुके असते, कारण त्यांच्या वाट्याला सहानुभूतीही येत नाही. सून गेली, तिच्याबरोबर नातू गेला. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातच आहे, आणि ते योग्यही आहे. पण ज्या आजोबांनी त्या मुलाला बोट धरून शेतात नेले, त्यांच्यासाठी एका दुपारी सर्व संपते. मृत्यूनंतर दहावा-तेरावा असतो, माणसे भेटायला येतात, आखाजीला पितरांसाठी घागर भरली जाते. जिवंत नातवाच्या वियोगाला कोणताच विधी नाही. अशा आजोबांच्या चालण्यात फरक पडतो, औषधे चुकतात, दाढी वाढते, आणि घरातले म्हणतात, वय झाले.

यात दोन चुका वारंवार होतात. पहिली, सुनेला घराबाहेर काढण्यासाठी ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार घेणे. २००७ चा तो कायदा वृद्धांच्या संरक्षणासाठी आहे, पण सुनेच्या राहण्याच्या हक्कावर तो आपोआप मात करू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. अर्ज टिकला नाही म्हणजे वैर तेवढे उरते. दुसरी चूक, शाळेच्या फाटकापाशी जाऊन मुलाला गुपचूप भेटणे, खाऊ देणे, आणि "आईला सांगू नकोस" म्हणणे. सहा वर्षांच्या मुलावर गुपित लादले जाते. ते रात्री अंथरूण ओले करते किंवा पोटात दुखते म्हणून शाळा टाळते, आणि बालरोगतज्ज्ञ जंताचे औषध देतात. मुलासमोर त्याच्या आईला किंवा बापाला शिव्या देणे हेही त्याच जातीचे. मुलाला दोघांचीही माया मिळण्याचा हक्क आहे, ही भूमिका न्यायालयांनी पुन्हा पुन्हा घेतली आहे.

आजी-आजोबांच्या भेटीचा स्वतंत्र हक्क हिंदू विवाह कायद्यात शब्दांत लिहिलेला नाही. त्यामुळे बहुतेकांची भेट मुलाच्या वडिलांना मिळालेल्या वेळेतच होते, आणि तो वेळ न्यायालयात ठरतो. संमतीच्या घटस्फोटात अटींचा कागद दोन्ही बाजू मिळून तयार करतात. त्यात पोटगीचा आकडा असतो, दागिन्यांची यादी तोळ्या-मासात असते, फ्रिज आणि कपाट कोणाचे हेही असते. मुलगा दिवाळीत किती दिवस कोठे राहील, उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि आखाजीला वडिलांच्या गावी येईल का, आजोबांचा फोन आठवड्यातून कोणत्या वारी घेतला जाईल, या ओळी मात्र त्यात फार क्वचित असतात. घरातील ज्येष्ठांना बैठकीत बोलायचा मान मिळालाच, तर तो दागिन्यांच्या यादीवर खर्च करू नये. या ओळींसाठी तो वापरावा, आणि मसुदा वकिलाकडे असतानाच वापरावा. हुकूमनामा झाल्यानंतर त्यात बदल हवा असेल तर नव्याने अर्ज करावा लागतो, तारखा पडतात, आणि तोवर नातू तिसरीतून पाचवीत गेलेला असतो.